नसलेल्या कचेरीची मोहोर

परवा इथे ग्वाल्हेरात, आमच्या गल्लीतल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांच्या घरी सकाळी तीन माणसं आली. "इन्कम टॅक्स," एवढंच म्हणाली. यांनी कपाटाच्या किल्ल्या काढून दिल्या. वर चहा केला, साखर किती घालू हेही विचारलं. फक्त नाव विचारायचं राहिलं. नंतर पोलिसांनी विचारलं, ओळख काय दाखवली त्यांनी? तर हे म्हणतात, "साहब, तीनों सफारी सूट में थे."

ही गोष्ट आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांच्या कानावर गेली आणि ते धावत माझ्याकडे आले. "शंकरराव, तुमचं अख्खं आयुष्य टॅक्सच्या कचेरीत गेलं. लोकांनी सावध कसं राहायचं ते लिहा ना, सोप्या भाषेत." आता सोप्या भाषेत लिहायचं तर ते चार ओळींत संपतं. टॅक्सवाला दारात आला तर त्याला नाव विचारा, कचेरी विचारा, ओळखपत्र हातात घेऊन वाचा. त्याच्याकडे कागद असतो, कागदावर नंबर असतो, आणि तोच नंबर कचेरीच्या रजिस्टरात असतो, तो जाऊन पाहता येतो. कर कुणाच्या हातात द्यायचा नसतो, चलनानं भरायचा असतो. "कुणाला सांगू नका" असं जो म्हणाला, तो आमचा नव्हे. खरा सरकारी माणूस तुम्हाला कचेरीत बोलावतो आणि तीन तास बाकावर बसवून ठेवतो. एवढी खूण पुरे.

झाला लेख. पण संपादकांना सहा पानं हवी आहेत, आणि मलाही एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचंय. नोकरीत मी एकच खोटा टॅक्स साहेब पकडला. त्यानंच मला कारकुनी शिकवली होती. आणि त्याच्यापायी पुढे मी जे काही केलं, ते खात्यात आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो. या वयात माझी पेन्शन कोण बंद करतंय!

आमचं घराणं शिलेदाराचं. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले आणि इथलेच झाले. पिढ्यान् पिढ्या तलवार धरलेली, मी पहिला टाक धरणारा. वडिलांना शेवटपर्यंत वाटे, पोराला काहीतरी दुखणं आहे. मॅट्रिक झालो आणि मला राजच्या मोहोरखान्यात चिकटवलं. ग्वाल्हेरात संस्थानाला 'राज' म्हणतात, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी म्हणतात. आणि मोहोरखाना म्हणजे जिथून सरकारी पाकिटाला, पेटीला, कुलपाला लाखेची मोहोर लागायची ती कचेरी.

तिचे मुख्य आबासाहेब. दरबारी घराण्यातले, शिंदेशाही पगडी, पांढराशुभ्र अंगरखा, आवाज असा की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. त्यांनी मला मोहोर लावायला शिकवलं. सुतळीला गाठ कशी मारायची, लाख किती तापवायची, मोहोर दाबून किती श्वास थांबायचं. आणि सगळ्यात शेवटी, लाख गार होता होता तिच्या कडेला पाण्यात बुडवलेला अंगठा दाबायचा. "शंकर, मोहोर राजची, पण अंगठा आपला," ते म्हणायचे. "उद्या कुणी विचारलं, ही कुणी लावली, तर पळायला जागा नको." त्यांचा स्वतःचा अंगठा तरुणपणी उकळत्या लाखेत भाजला होता. त्याच्यावर रेषाच नव्हत्या. त्यांच्या प्रत्येक मोहोरेच्या कडेला एक गुळगुळीत खळगा असायचा.

मग विलीनीकरण झालं. राज गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असा तोडगा निघाला. दोन बायकांच्या दादल्यासारखं सरकार इकडून तिकडे जायचं. फायली ट्रकमध्ये बसून उन्हाळ्यात इंदूरला जायच्या आणि थंडीत परत यायच्या. काही फायलींना इंदूर मानवलं, त्या परत आल्याच नाहीत. आबासाहेबांच्या पेन्शनची फाइल त्यातलीच एक.

कारण मोहोरखाना बरखास्त झाला होता. एका सकाळी कागद आला, त्यावर शाईचा रबरी शिक्का. आबासाहेबांनी तो शिक्का कितीतरी वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "हा तर बोटानं पुसला जातो रे." मी तरुण, थोडं इंग्रजी येणारा. मला नव्या इन्कम टॅक्सच्या कचेरीत, इंदरगंजात, इन्स्पेक्टरची जागा मिळाली. आबासाहेबांना पन्नाशी उलटलेली, इंग्रजी सहीपुरतं. त्यांना कुणी घेतलं नाही.

आता माझी शान ऐका. बुशशर्ट, सायकल, कॅरिअरला बांधलेलं रजिस्टर. या टॅक्सची इथे कुणाला सवय नव्हती, म्हणून कचेरीनं मला सराफा बाजारात पाठवलं. दुकानांची यादी करायची, मालकांची नावं लिहायची, नोटिसा द्यायच्या. पहिल्या चार दुकानांत मला पाणी मिळालं, माहिती नाही. पाचवं दुकान मिठ्ठूलाल सेठचं. सेठ साठीचा, गोल, बोलायला गोड.

"कहिए बाबूजी?"

मी सांगितलं, इन्कम टॅक्सच्या कचेरीतून आलोय. सेठनं माझ्या सायकलीकडे पाहिलं, बुशशर्टाकडे पाहिलं, उघड्या डोक्याकडे पाहिलं. "बेटा, बुरा मत मानना," तो म्हणाला, "असली साहब तो परसों होकर गए. पगड़ी, अंगरखा, पीछे पीतल का बिल्ला लगाए चपरासी. पूरा बाज़ार खड़ा हो गया. तुम कहाँ से आए?"

घ्या! रजिस्टर माझ्याकडे, ओळखपत्र माझ्याकडे, नोटिसा माझ्याकडे, आणि खोटा कोण? तर मी! मी ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं मोठ्या सौजन्यानं ते बाजूला सारलं, वाचलं नाही.

पण बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. पगडीवाल्या साहेबांपुढे सगळ्या बाजारानं माना डोलावल्या होत्या आणि कुणी पान, कुणी पाकीट पुढे केलं होतं. एकट्या मिठ्ठूलालनं हात जोडून विचारलं होतं, "हुजूर, कोई काग़ज़ हो तो दिखा दीजिए." म्हणजे सबंध सराफ्यात ज्या एका माणसानं विचारायचं ते विचारलं, त्याच्यावरच संकट आलं. साहेबांना अपमान वाटला. त्यांनी मेणबत्ती मागवली, लाख काढली आणि सेठची तिजोरी मोहोरबंद करून टाकली. "आठ दिवसांनी येऊ," म्हणाले.

आणि सहाव्या दिवशी सेठच्या मुलीचं, गुलाबचं, लग्न. झाशीहून वरात यायची होती. मुलीचा सगळा दागिना त्या तिजोरीत. वर गिऱ्हाइकांचा मालही. सेठ मला खोटा समजत होता तरी माझ्यापुढे रडला. "गुलाब की माँ ने परसों से अन्न नहीं खाया, बाबूजी. लड़की नंगे हाथ मंडप में बैठेगी?"

"अहो, मग तोडा ना ती लाख!" मी म्हणालो.

सेठनं दोन्ही कानांना हात लावले. "राज की मोहर? हमारे बाप ने भी नहीं छुई."

मी तिजोरीजवळ गेलो. कापडाची पट्टी, सुतळीची गाठ, तांबडी लाख, तिच्यावर राजचं चिन्ह, नाग. आणि कडेला गुळगुळीत खळगा. गाठसुद्धा तीच, जी मला येईपर्यंत माझ्या बोटांवर सोटा बसला होता. सायकल हातात धरून चालत कचेरीत आलो.

साहेबांना सांगितलं. आमचे साहेब दक्षिणेकडचे, नियमाला पक्के. ते म्हणाले, मोहोर आपल्या खात्याची नाही, तेव्हा तोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या खात्याची आहे त्याला पत्र लिहा. मी म्हणालो, ते खातं बरखास्त आहे. ते म्हणाले, मग ज्यांनी बरखास्त केलं त्यांना लिहा. ते तेव्हा इंदूरला होते. ठाण्यात गेलो तर ठाणेदार म्हणाला, "भैया, मोहर राज की, राज रहा नहीं. तोड़ने का हुकुम कौन देगा? और रपट किसने लिखवाई?" रपट कुणीच नोंदवली नव्हती. नोंदवली असती तर पगडीवाल्या साहेबांना दिलेले पैसे कुठल्या वहीतून दिले तेही सांगावं लागलं असतं! म्हणजे पाहा, मोहोर खोटी हे आता तिघांना कळलं होतं आणि ती तोडायला एकही माईचा लाल तयार नव्हता. मीही नाही, खरं सांगतो. माझा हातच उचलला गेला नाही.

आबासाहेब फूलबागेत सापडले. संध्याकाळी पाचला, बाकावर, पूर्ण पोशाखात. मागे त्यांचा जुना चपरासी गणपत उभा. त्यालाही नोकरी नव्हती, पण उभं राहायची सवय होती. नंतर कळलं, आबासाहेब रोज सकाळी दहाला "कचेरीत जातो" म्हणून घरातून निघत आणि पाचपर्यंत इथे बसत. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वर्ष झालं तरी सांगितलं नव्हतं.

"ये शंकर," म्हणाले. "नोकरी कशी आहे?"

"आबासाहेब, मिठ्ठूलालच्या तिजोरीवर तुमचा अंगठा आहे."

ते मुळीच दचकले नाहीत. "असणारच. मीच लावली."

"पण कोणत्या अधिकारानं?"

तेव्हा मात्र चिडले. "अधिकार? अरे, मोहोर माझ्याकडे आहे ती का आहे? कचेरी बंद झाली तेव्हा मी तीन पत्रं लिहिली. चार्ज कोणाकडे देऊ? कोणी येऊन मोहोर घेऊन जा. एकाचंही उत्तर नाही. मग मी काय ती विहिरीत टाकू? राजची मोहोर?"

हळूहळू सगळं सांगितलं. एकदा सहज सराफ्यातून जात होते. एका दुकानदारानं उठून खुर्ची दिली आणि विचारलं, हुजूर, ये नया टैक्स क्या है? यांनी पेपरात वाचलेलं समजावून सांगितलं. पुढच्या वेळी लोकच म्हणू लागले, टॅक्सवाले साहेब आले. "मी होय म्हणालो नाही, शंकर. नाही म्हणायचं राहिलं." मग कुणी पाकीट सरकवलं. पहिलं परत केलं. दुसरं केलं नाही, कारण त्या दिवशी घरात पीठ नव्हतं.

"आणि सेठची तिजोरी?"

"कागद मागितला त्यानं माझ्याकडे!" त्यांचा आवाज चिरकला. "तीस वर्षं मी लोकांच्या कागदांना मोहोर लावली, आणि माझ्याकडे कागद मागतो!" मग एकदम खाली पाहून म्हणाले, "त्याचं बरोबर होतं. माझ्याकडे कागद नव्हता."

मला त्यांचा संतापही आला आणि वाईटही वाटलं. गुरूला दरडावायची वेळ दुश्मनावर येऊ नये. मी म्हणालो, "आबासाहेब, परवा त्या पोरीचं लग्न आहे. मी तोडू शकत नाही, ठाणेदार तोडत नाही. तुम्ही सांगा, मोहोर कोणी तोडायची असते?"

"लावणाऱ्यानं," ते म्हणाले. "पंचांसमोर. लेखी." आणि मागे वळून, "गणपत, उद्या दहाला."

दुसऱ्या दिवशी दहाला ते पगडीत आले. मी त्यांना म्हटलं होतं, साधे कपडे घाला, गुपचूप उरकू. ऐकलं नाही. सराफा नेहमीप्रमाणे उठून उभा राहिला. त्यांनी दोन पंच बोलावले, तिजोरीसमोर बसले आणि कागदावर लिहिलं. मग तो कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, हिंदीत. नाव, गाव आणि पुढे, "पूर्व में मोहरखाने का मुख्य, इस समय किसी दफ़्तर में नहीं. यह मोहर मैंने बिना अधिकार लगाई. मैं टैक्स का साहब नहीं हूँ." आबासाहेबांनी हातोडीनं लाख फोडली, तुकडे वेचून रुमालात बांधले आणि सेठला म्हणाले, "आपने काग़ज़ माँगा था. यह लीजिए."

सेठनं कागद घेतला. काय करावं त्याला सुचेना. शेवटी सवयीनं म्हणाला, "हुजूर, पान?"

आबासाहेब काही न घेता निघाले. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, इतकं सगळं कानांनी ऐकूनही अख्खा बाजार पुन्हा उठून उभा राहिला. पगडी डोक्यावर होती ना अजून. गुलाबचं लग्न थाटात झालं. मला निमंत्रण होतं. सेठनं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ये छोटे वाले टैक्स साहब."

घेतलेलं सगळं आबासाहेबांनी परत केलं. सात दुकानं होती. त्यासाठी काकूंच्या पाटल्या त्याच सराफ्यात गेल्या. एक दिवस मला घरी बोलावून म्हणाले, "शंकर, चार्ज घे." रेशमी रुमालात मोहोर, सोबत यादी, मोहोर नग एक, लाखेच्या कांड्या नग नऊ. माझ्याकडून पोच लिहून घेतली तेव्हा कुठे त्यांचा श्वास मोकळा झाला. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. पगडी खुंटीला राहिली. पुढच्या थंडीत गेले. पेन्शनची फाइल तेव्हा इंदूरहून निघाल्याचं कळलं होतं.

मी त्यांना तिथेच, फूलबागेत, समजावून घरी पाठवायला हवं होतं का? गुपचूप रात्रीतून लाख फोडायला हवी होती का? माझी बायको म्हणते, तुम्ही सरळ वागलात. असेन. पण त्यांना बाजारात उभं मी केलं, हे माझ्या मनातून जात नाही.

काकू एकट्या राहिल्या. मूलबाळ नाही. मी दोनदा मदत करायला गेलो, दोनदा त्यांनी हात जोडले. "शिलेदाराच्या पोराकडून दरबारी घर घेत नाही रे," असं हसत म्हणाल्या, पण घेतलं नाही. स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज येत होता. झाकण पडल्याच्या आवाजावरून रिकामा डबा ओळखू येतो.

मग मी ते केलं. एका महिन्याच्या पहिल्या तारखेला पाकिटात पैसे घातले, वर "सरकारी" असं लिहिलं, सुतळी बांधली, गाठ मारली, लाख तापवली आणि त्या बरखास्त मोहोरेनं दाबली. कडेला ओला अंगठा. आणि काकूंना म्हणालो, "काकू, आबासाहेबांची पेन्शन सुरू झाली. कचेरीनं माझ्याकडे वाटपाचं काम दिलंय." मी, इन्स्पेक्टर, ज्यानं सराफ्यात दुकानोदुकानी जाऊन सांगितलं होतं की सरकार घरपोच व्यवहार करत नाही, हातात काही देत-घेत नाही, कागद मागा, नंबर मागा! काकूंनी पाकीट उलटसुलट पाहिलं, मोहोरेवरून बोट फिरवलं आणि घेतलं. दर महिन्याला घेत गेल्या. मला वाटलं, किती साधी बाई.

असे चौदा महिने गेले. एका पहिल्या तारखेला गेलो तर त्यांनी मला पाटावर बसवलं, पुढ्यात करंज्या ठेवल्या आणि टपालानं आलेलं एक खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. "बघ रे, हे खरं आहे का? तुला कळतं."

पेन्शनचा हुकूम होता. नंबर होता, तारीख होती, खजिन्याचं नाव होतं, शाईचा रबरी शिक्का होता. म्हणालो, "खरं आहे."

"मलाही तसंच वाटलं. मी परवा खजिन्यात जाऊन नंबर ताडून आले. तीन तास बाकावर बसवलं मेल्यांनी." मग त्यांनी फडताळातून एक पुडकं काढलं. माझी चौदा पाकिटं. लाखेचा एकही तुकडा सांडू न देता उघडलेली. "ही कोणाची, ते तू सांगतोस की मी सांगू?"

मी हातातली करंजी ताटात परत ठेवली.

"ह्यांच्या अंगठ्याला रेषा नव्हत्या, शंकर. तीस वर्षं घरात त्या मोहोरेची पाकिटं आली. तुझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा उमटल्यात बघ."

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच पाकिटाला कळलं."

"मग घेतलंत का, काकू?"

काकू पुडकं पुन्हा बांधायला लागल्या. गाठ तीच, आमची. त्याही कधीतरी शिकल्या असणार.

"नाही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तू यायचा थांबला असतास. ह्यांच्यानंतर या दारात येणारं दुसरं होतं कोण?" मग त्यांनी करंज्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "आता लाख वाया घालवू नकोस. पण पहिल्या तारखेला येत जा."